हात लुळा पडला तर तेल चोळत बसू नका

अपघातात नसा तुटून लुळा पडलेला हात नस जोडून पुन्हा उचलता येतो, हे तुमच्या लेखात सांगितलंत ते फार चांगलं केलंत. पण ही शस्त्रक्रिया किती वेळात व्हावी याबद्दल एकच ओळ आहे, आणि आमच्या कोकणात तीच ठळक हवी. पावसात बाईक घसरते, मान एकीकडे नि खांदा दुसरीकडे ताणला जातो, मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा तुटतात. हाड शाबूत दिसलं की घरचे म्हणतात, मुका मार आहे, तेल लावून चोळा. देवगडला माझ्या भाच्याचे महिने असेच गेले. जोडलेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते आणि नसेविना स्नायू वर्ष-दीड वर्षात निकामी होतो. म्हणून ३ ते ६ महिन्यांत शस्त्रक्रिया व्हायला हवी.

शेवटी मुंबईला नेलं. बरगड्यांमधल्या, श्वास घेताना काम करणाऱ्या नसा दंडाच्या स्नायूला जोडल्या. सुरुवातीला त्याने दीर्घ श्वास घेतला की कोपर हलायचं! आता श्वास न ओढताही वाकतं. बोटांत मात्र अजून जोर नाही, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) आंबे उतरवणं अवघडच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या डॉक्टरांना कळकळीची विनंती: असा रुग्ण पहिल्याच महिन्यात नसांच्या सर्जनकडे पाठवा.