थांबा, नवा येतोय

‘सेवन्थ जेन?’ असं म्हणून दुकानातल्या पोराने माझा मोबाईल माझ्याच हातातून काढून घेतला आणि आतल्या दोघांना बोलावून स्क्रीनवरची माझ्या घरच्या कॉम्प्युटरची माहिती दाखवली. तिघंही हसले. मग एकाने स्टूल पुढे सरकवलं. ‘बैठो अंकल.’ हसले ते चाललं असतं हो. स्टूल लागलं मनाला.

काम साधं होतं. लॅमिंग्टन रोडला जायचं (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा), प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम घ्यायची आणि ग्रँट रोडहून स्लो पकडायची. घरचा डेस्कटॉप 2017 चा. बिघडलेला नाही, हीच खरी अडचण. बिघडला असता तर निर्णय तरी झाला असता. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत इंटेल कंपनीची बहुतेक आठवी पिढी आणि तिच्या पुढची मंडळी. आमचा सातव्या पिढीतला.

पोरगा कोटेशन लिहायला लागला तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, ‘कुठला सॉकेट घेताय?’

काका सत्तरीच्या आसपासचे. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, हातात बेस्टच्या तिकिटात गुंडाळलेलं काहीतरी. दुकानाचे मालक नव्हेत, नोकर नव्हेत, आणि गिऱ्हाईकही फारसे वाटत नव्हते. पोरं मात्र त्यांना ‘बॉस’ म्हणत होती. मी त्यांच्यापेक्षा निदान वीस वर्षांनी लहान, तरी अंकल मी!

‘एएम5,’ मी म्हणालो. (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. एएम5 हा एएमडी कंपनीचा.)

‘थांबा. त्यांचा नवा प्रोसेसर, झेन 6, येतोय.’

‘पण एएमडी म्हणते 2027 आणि त्यापुढेही एएम5 चालू ठेवणार. म्हणजे आज घेतलं तरी नवा त्याच बोर्डावर बसेल ना?’

‘बसेल की. मग आज घेतलेला काढून ठेवणार कुठे?’

याला उत्तर नव्हतं. आमच्या घरात इस्त्रीलाच जागा नाही.

‘बरं, इंटेल घेतो.’

‘थांबा. नोव्हा लेक येतोय. 2026 च्या अखेरीला.’

‘आत्ता जो मिळतोय तो?’

‘अल्ट्रा 200? ऑक्टोबर 2024 चा. गेमिंगमध्ये कितीदा स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या मागे.’

‘मग चौदावी द्या!’ मी पोराला म्हणालो. जरा जोरातच.

काकांनी नुसता हात वर केला. ‘तेराव्या-चौदाव्या पिढीच्या व्होल्टेजचा घोळ वाचलात का? 2024 मध्ये वॉरंटी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली कंपनीला.’

मधल्या मधे सांगतो, या नावांनी माझं डोकं आधीच फिरलं होतं. इंटेलच्या 14900के नंतर काय यावं? 285के. मला वाटलं भाव उतरले. तिकडे एएमडीचा 9800एक्सथ्रीडी. नाव पोराने दोनदा सांगितलं, मी दोनदा ‘हो हो’ म्हणालो.

‘अहो, तुमचाच किस्सा घ्या,’ काकांना आता रंग चढला. ‘सातवी पिढी जानेवारी 2017, आठवी ऑक्टोबर 2017. सॉकेट दोघांचा 1151. मोजमाप तेच, गाळा तोच. पण जुन्या बोर्डावर आठवी चालू देणार नाही, इंटेलवाले म्हणाले. पुढे हौशी पोरांनी बोर्डाच्या बायोस प्रोग्राममध्ये खाटखूट करून चालवून दाखवली. म्हणजे जागा होती, मालकाची एनओसी नव्हती! आमची चाळ गिरगावात. रिडेव्हलपमेंटचं पहिलं पत्र आलं तेव्हा मुलगा बालवाडीत होता. आता टोरांटोला आहे. तेव्हापासून घराला रंग काढला नाही. पाडायचीच आहे तर रंग कशाला?’

हे त्यांनी अशा अभिमानाने सांगितलं की मला माझ्या सातव्या पिढीची नव्याने भीती वाटली.

‘तुमच्याकडे कुठला आहे?’ मी विचारलं. काकांनी तिकिटाची घडी उलगडली. आत बोर्डावरची, घड्याळ चालू ठेवणारी चपटी बॅटरी, सीआर2032, कडेला पांढरट बुरशी चढलेली. ‘चालू केला की 1 जानेवारी 2009 दाखवतो,’ ते म्हणाले. ‘बाकी काही तक्रार नाही.’ मग नव्या बॅटरीसाठी पोराशी पंधरा मिनिटं घासाघीस. तोवर माझं कोटेशन अर्धवट. चहावाला आला, काकांनी दोन कटिंग घेतले, एक माझ्या हातात दिला आणि त्याला म्हणाले, ‘ह्यांच्याकडून घे रे.’ ज्या माणसाने मला खरेदी करू दिली नाही, त्याचा चहा मी पाजला. हे मी घरी सांगितलेलं नाही.

काका गेल्यावर पोराने कार्डाच्या मागे आकडा लिहिला. प्रोसेसर ठीक होता. रॅमचा आकडा मी उलटा धरलाय का, हे तपासून पाहिलं. ‘रेट शाम तक का है, अंकल.’ 2025 च्या शेवटापासून हे असंच. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशलच्या नावाने तुमच्याआमच्यासारख्यांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोणीतरी कुठेतरी मशीनकडून फेटा बांधलेल्या मांजराचं चित्र काढून घेतो, आणि बिल लॅमिंग्टन रोडवर माझ्या नावाने फाटतं. चालता कॉम्प्युटर मी बदलायचा, तोही महागाईत, कारण यादीत नाव नाही. आणि हसायचं कोणाला, तर मला.

निदान रॅम तरी घेऊन ठेवावी म्हणतो. पण रॅम डीडीआर4 जातीची की डीडीआर5 ते बोर्डावर, बोर्ड सॉकेटवर, सॉकेट प्रोसेसरवर, प्रोसेसर घ्यायचा की थांबायचं ते काकांवर. आणि काकांचा नंबर घ्यायचा राहिला.