पहाटे चारला निघू

पुण्याहून दापोलीला जायचं ठरलं की घरात दोन प्रश्न निघतात. कुणाच्या गाडीत किती जण, हा पहिला. तो भांडून का होईना, सुटतो. निघायचं किती वाजता, हा दुसरा. तो सुटायचा प्रश्नच येत नाही, कारण घरातल्या एका व्यक्तीने तो आधीच निकालात काढलेला असतो. "पहाटे चारला निघू. ऊन व्हायच्या आत ताम्हिणी उतरून जाऊ." ताम्हिणी घाट कुठे पळून चाललेला नसतो. ऊन दापोलीतही पडतं. पण हे बोलायची सोय नसते. बोललं की "तू ना, पहिल्यापासूनच आळशी" हे वाक्य येतं आणि त्यावर अपील नाही.

मी घुबड पक्षाचा, म्हणजे रात्री जागून सकाळी उशिरा उठणाऱ्यांचा, जुना सभासद आहे, तेव्हा पुढचं लिखाण निःपक्षपाती असल्याचा दावा नाही. माहिती मात्र खरी आहे.

चारला निघायचं म्हणजे सव्वातीनला घरातले सगळे दिवे लागतात. तिखटमिठाच्या पुऱ्या तळून झालेल्या असतात, थर्मास भरलेला असतो, आवळा सुपारी आणि उलटीच्या गोळ्या एका डबीत, डबी पर्समध्ये, पर्स दाराशी. हे सगळं करणारी मावशी रात्री अकराला झोपलेली असते आणि अंगणात फुलं वेचून आल्यासारखी टवटवीत दिसते. आपण पलंगाच्या कडेला बसून एका मोज्याकडे बघत असतो. मोजा पायात घालतात हे आठवतं, कोणत्या पायात ते आठवत नाही.

हिची उत्साहाची टाकी मोठी आहे, असं तेव्हा वाटतं. पण शरीरात टाकी नाहीच. पेशी ज्यावर चालतात ते एटीपी नावाचं चलन अंगात एका वेळी इतकं थोडं असतं की जोरात पळत सुटलं तर काही सेकंदांत खलास व्हावं. तेच रेणू दिवसभर रिकामे होतात, पुन्हा भरले जातात, आणि दिवसाची एकूण उलाढाल आपल्या वजनाच्या आसपास जाते. चरबीचा साठा असतो, तो भरपूरच असतो, पण ती मुदत ठेव झाली. हातखर्चाचं सगळं थेट नळाचं पाणी. आता नळाचं पाणी म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचा प्रश्न शिकवावा लागत नाही: तुमच्याकडे किती वाजता येतं?

मावशीकडे पहाटे तीनला येतं. आमच्याकडे रात्री दहानंतर.

हे वेळापत्रक मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींच्या एका पुंजक्यात ठरतं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल २०१७ चं नोबेल तिघा अमेरिकनांना मिळालं, आणि तेही पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास करून. माणसाचं घड्याळ सरासरी २४ तास १० ते १२ मिनिटांचं असतं, म्हणजे मुळात बहुतेक जण थोडे मागे पडणारे. सकाळचा उजेड रोज काटा पुढे ढकलतो, म्हणून आपण सगळे एकाच दिवसात राहतो. ज्याचं घड्याळ आणखी सावकाश चालतं तो घुबड होतो, ज्याचं भरभर चालतं तो पहाटे तीनला पुऱ्या तळतो.

हे काही अंशी रक्तातून येतं. २०१९ साली जवळजवळ सात लाख लोकांच्या जनुकांची छाननी झाली, आणि सकाळच्या माणसांशी नातं सांगणाऱ्या ३५१ जागा सापडल्या. ३५१ म्हटल्यावर फार मोठं काही हाती लागलं असं वाटतं. पण पहाटेची जनुकं ज्यांच्यात सर्वांत जास्त ते पाच टक्के लोक आणि सर्वांत कमी ते पाच टक्के लोक यांच्या झोपेच्या वेळेत फरक निघाला सरासरी २५ मिनिटांचा. पंचवीस मिनिटं! एवढ्या भांडवलावर लोक आयुष्यभर "मी तर बाई पाचला उठते" सांगत फिरतात.

उरलेलं काम वय करतं. पोर वयात आलं की घड्याळ उशिराकडे सरकायला लागतं, विशीच्या तोंडावर ते सर्वांत मागे असतं, आणि तिथून पुढे म्हातारपणापर्यंत हळूहळू परत अलीकडे येतं. म्हणून आजोबा साडेचारला उठून बसतात. त्यांना ती शिस्त वाटते, नातवाचं नऊपर्यंत लोळणं हा संस्कारांचा अभाव वाटतो. दोघंही फक्त आपापल्या वयाला जागत असतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. चांगलंच केलं, लहान पोरांची झोप वाचली. पण घड्याळ ज्यांचं खरोखर मागे असतं ती नववी ते बारावीची पोरं मात्र पहाटेच्या क्लासला बाकावर डोकं टेकून थर्मोडायनॅमिक्स शिकतातच आहेत.

आता मोज्याकडे परत. पहाटे तीन-चारच्या सुमाराला घुबडाच्या अंगाचं तापमान अजून उतरत असतं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात जास्त येते, आणि एकला झोपलेल्याला सव्वातीनला उठवलं तर नेमका त्याच हिश्श्यातून ओढून बाहेर काढलेला असतो. मग पंधरा मिनिटं ते अर्धा तास, कधी जास्तही, शरीर उभं असतं आणि डोकं गादीवर. या वेळात घुबडाला काहीही विचारू नये. गॅस बंद केला का, किल्ली कुठे, तिकडच्या बुकिंगचा कागद कुठे, याची उत्तरं तो आत्मविश्वासाने देतो आणि ती सगळी चुकीची असतात. त्याला गाडी चालवायला तर मुळीच देऊ नये. पहिला टप्पा ज्याने "चारला निघू" म्हटलं त्याने चालवावा, यात न्यायही आहे.

इलाज आहे, फक्त तो आदल्या रात्री करून उपयोग नाही. पाच-सहा दिवस आधीपासून झोपणं आणि उठणं रोज वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे आणायचं. रात्रीचं जेवणही त्याच हिशोबाने अलीकडे घ्यायचं. उठल्याबरोबर अर्धा तास बाहेर उजेडात जायचं. बाल्कनी चालेल, ट्यूबलाइट नाही. घरातला उजेड दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) भरला तर खूप, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार असतो. रात्री नऊनंतर मोठे दिवे बंद, मोबाइल बंद. रविवारी एका तासापेक्षा जास्त लोळायचं नाही, नाहीतर आठवड्याची कमाई एका सकाळी जाते. हे सगळं करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक काय करतात, तर आदल्या दिवशी नऊला दिवे घालवून पडतात. झोपायच्या नेहमीच्या वेळेआधीचे दोन-तीन तास म्हणजे घुबडाचा भर मध्यान्ह. तो अंधारात छताकडे बघत बँकेचे हप्ते मोजतो आणि शेवटी एकलाच झोपतो.

पक्षाची शिस्त मोडून एक कबुली द्यायला हवी. अमेरिकेत रॉकी पर्वतात आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं. ऊन आणि शेकोटी सोडून दुसरा उजेड नाही. सगळ्यांची घड्याळं सुमारे दोन तास अलीकडे आली आणि घुबडांची जास्त आली. म्हणजे आमचं घुबडपण थोडं जन्मजात आणि बरंचसं वीजमंडळाच्या कृपेने. हा निष्कर्ष मावशीपर्यंत पोचू नये अशी माझी इच्छा आहे.

मुळशीचं धरण उजव्या अंगाला लागेपर्यंत गाडीत एक काका बोलत असतात. "मला चार तास झोप पुरते. जास्त लागतच नाही." अशी माणसं असतात, नाही असं नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांना एका आई आणि मुलीत डीईसी२ या जनुकातला बदल सापडला. सव्वासहा तासांत त्यांची झोप पुरी व्हायची. लक्षात घ्या, सव्वासहा. चार नाही. आणि हा बदल अगदी दुर्मीळ. काकांचं काय ते पुढच्या वळणावर कळतं: बोलता बोलता वाक्य अर्धवट राहतं, मान खिडकीला टेकते, तोंड उघडं पडतं. आणि अशा माणसाचं घोरणं मध्येच थांबून, श्वास अडकून, मग दचकल्यासारखं पुन्हा सुरू होत असेल, तर हसण्यावारी न नेता झोपेची तपासणी करून घ्यावी. आठ तास झोपूनही शिळं वाटणाऱ्या कित्येकांचं दुखणं तिथेच निघतं.

माणगावला नाश्ता. इथे उत्साही माणूस ओळखण्याची खात्रीची खूण दिसते: तो बसत नाही. ऑर्डर द्यायला स्वतः काउंटरवर जातो, पाण्याचे ग्लास आणतो, चमचे कमी पडले म्हणून पुन्हा उठतो, गाडीच्या टायरला लाथ मारून हवा बघून येतो, बसलाच तर गुडघा हलवत बसतो. या चुळबुळीवर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये एक छान प्रयोग केला. सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. आपल्याकडचा हिशोब लावायचा तर सढळ तुपाच्या तीन-चार पुरणपोळ्या, रोज, जेवण सोडून. कुणाची चरबी सव्वाचार किलो वाढली, कुणाची किलोच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. न वाढलेल्यांनी व्यायाम केला नव्हता. जास्तीचं खाल्लं तसं त्यांच्या अंगाने नकळत उठबस, हातवारे, येरझाऱ्या वाढवल्या होत्या. एकाचा तर असा फुटकळ खर्च दिवसाला जवळजवळ सातशे कॅलरींनी वाढला. ज्यांची वाढली त्यांचं शरीर खाऊन शांत बसलं होतं. म्हणजे 'हलत राहा म्हणजे उत्साह येईल' हा सल्ला अर्धाच खरा. काहींचं शरीर मिळालेलं अन्न उधळतं, काहींचं जपून ठेवतं, आणि दुष्काळात कोण टिकलं असतं हे मी आत्ता बोलत नाही.

आणि टेबलावर बघा. पोहे आलेत, वर लिंबाची फोड, शेजारी वाफाळता चहा. लिंबातलं क जीवनसत्त्व पोह्यातलं लोह रक्तात जायला मदत करतं, आणि चहातलं टॅनिन तेच लोह आतड्यातच अडवतं. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा कार्यक्रम आपल्याकडे रोज सकाळी घरोघरी होतो. चहा तासभर उशिरा प्यावा, एवढंच करायचं असतं. हे सांगणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात त्यावरून ते होणार नाही हे कळतं.

पण ही चेष्टेची बाब नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं, पुरुषांत २५ टक्के. बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या आणि पुरुषांचं १३ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. ज्या सुनेला "हिच्यात दमच नाही" म्हणतात तिच्यात बऱ्याचदा लोह नसतं. नुसतं हिमोग्लोबिन बघूनही भागत नाही. ते बरोबर असताना फेरिटिन, म्हणजे लोहाची शिल्लक, तळाला गेलेली असू शकते आणि जिना चढताना धाप लागू शकते. म्हणून सततच्या थकव्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढं तपासून मगच स्वभावाला दोष द्यावा. शाकाहारी माणसाला बी-१२ दूधदह्यापलीकडे फारसं मिळत नाही, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर ते आणखी घटतं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. शौच काळी होते, घाबरू नये, आणि बरं वाटलं म्हणून महिन्यात सोडू नये. रक्त सुधारल्यावर साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

दापोलीत दुपारी सुरमईचं ताट झालं की सगळे समान होतात. दीड ते तीनची गुंगी जेवणाने वाढते हे खरं, पण ती घड्याळातच आहे. न जेवणाऱ्यालाही येते. पुणेकरांनी तिला वामकुक्षी म्हणून शास्त्रोक्त दर्जा दिला. शब्दाचा अर्थ डावी कूस एवढाच, कालावधी शब्दात नाही, आणि चूक तिथेच होते. पंधरा-वीस मिनिटांत उठलं तर माणूस ताजा. पाऊण तास झाला की गाढ झोप लागलेली असते, आणि त्यातून उठलेला माणूस सव्वातीनच्या मोज्यावाल्यासारखा संध्याकाळपर्यंत फिरतो.

त्यावर उतारा म्हणून चारला चहा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, ते आपल्या खुर्चीवर बसलं की झोप येते. कॅफीन फक्त त्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतं. उत्साहाचा एक कणही देत नाही. वसुलीवाला दाराबाहेर थांबलेलाच असतो. पाचएक तासांनी निम्मं कॅफीन अंगात शिल्लक असतं, कुणाचं निम्मं तीन तासांत ओसरतं, कुणाचं सातात. म्हणून एक जण दहाला फिल्टर कॉफी पिऊन घोरतो आणि दुसरा सहाच्या कटिंगवर रात्री दोनला घुबड होतो.

रात्री दहा. आमच्या नळाला पाणी आलेलं असतं. भेंड्या रंगतात, कुणी पत्ते पिसतं, उद्या हर्णैला मासळीचा लिलाव बघायला जायची चर्चा निघते. मावशी मात्र "मी जरा पाठ टेकते" म्हणून आडवी होते ती होतेच. तिला धड झोप लागत नाही. पाय नुसते शिवशिवतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, हलवले की बरं वाटतं, थांबले की पुन्हा तेच. घरात सगळे कौतुकाने म्हणतात, बघा, झोपेतसुद्धा हिचा उत्साह कमी नाही. पण संध्याकाळी अंग टेकल्यावर पायांना सुटणाऱ्या या शिवशिवीचं एक नेहमीचं कारण लोहाची कमतरता हेही आहे. परत गेल्यावर तिचंही फेरिटिन बघायला हवं. रिकाम्या पोटी, सकाळी लवकर. तिला घेऊन मी जाईन म्हणालोय. साडेनऊला लॅब उघडी असते.