सोडा ब्लास्टिंगबद्दलच्या आक्षेपांना उत्तर: रंग का सुटतो, वाळू का नको

नमस्कार. दाबाच्या हवेने खाण्याच्या सोड्याचे कण मारून भाग साफ करणं, म्हणजे सोडा ब्लास्टिंग, यावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे मुद्दे थोडक्यात असे: खाण्याच्या सोड्याने ब्लास्टिंग केलेल्या पत्र्यावरचा रंग काही महिन्यांत पोपडे धरून सुटला, सोड्याने गंज निघतच नाही, शेकडो वेळा परत वापरता येणारी स्टील ग्रिट (पोलादाचे टोकदार कण) असताना एकदाच वापरून संपणाऱ्या सोड्याला पर्यावरणपूरक म्हणणं चूक आहे, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाणी मारून वाळू वापरावी. पहिले तीन मुद्दे बऱ्याच अंशी मान्य आहेत. चौथा अजिबात नाही.

रंग सुटण्यामागे दोन कारणं असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात. सोडा मऊ असतो, मोह्‌स कठीणता (१ ते १० अशी मोजपट्टी, हिरा १०) साधारण २.५. तो रंग आणि ग्रीस सोडवतो, पण पोलादाला खरवडत नाही. त्यामुळे प्रायमरला पकडायला जे बारीक दात लागतात ते पृष्ठभागावर तयारच होत नाहीत. दुसरं कारण म्हणजे मागे राहिलेला सोडा. तो अल्कधर्मी असल्याने अल्किडसारख्या तेलाधारित रंगाचा खालचा थर हळूहळू साबणासारखा करून टाकतो. शिवाय विरघळणारा कोणताही क्षार रंगाखाली राहिला की तो हवेतला ओलावा रंगाच्या थरातून आत ओढतो आणि फोड येतात. पावडर कोटिंग (भुकटी फवारून भट्टीत पक्का केलेला रंग) असेल तर वेगळीच अडचण. भट्टीत १८०-२०० अंशांना उरलेल्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ सुटते आणि कोटिंगला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

यात फसगत कुठे होते तेही सांगायला हवं. सोड्याने साफ केलेलं पोलाद काही दिवस गंजत नाही, कारण पृष्ठभागावर सोड्याची अदृश्य पापुद्री असते. लोक ते पाहून खूश होतात आणि धुणं पुढे ढकलतात, नाहीतर टाळतातच. मूळ लेखात ‘रंगाआधी धुवा’ असं एकच वाक्य होतं. ते अपुरं होतं, म्हणून इथे पूर्ण क्रम देतो.

आधी कोरड्या हवेने सांधे आणि दुमडी फुंकून काढा. मग भरपूर कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश. त्यानंतर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी हे मिश्रण फिरवा. दुमडीत बुडबुडे आले तर तिथे अजून सोडा आहे. पुन्हा साध्या पाण्याने धुवा. ओल्या पृष्ठभागावर पीएच पट्टी (आम्ल-अल्कधर्मीपणा दाखवणारी) लावा आणि तिचा रंग धुण्याच्या पाण्यात बुडवलेल्या पट्टीशी जुळतो का पाहा. जुळला नाही तर परत धुवा. गरम हवेने लगेच वाळवा, कारण आता संरक्षण गेलेलं आहे. मग प्रायमरला पकड मिळावी म्हणून ८० मेश (बारीक) गार्नेटचा, म्हणजे कठीण खनिजाच्या कणांचा, हलका हात मारा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. दुहेरी किंवा दुमडलेल्या पत्र्यातून सोडा पूर्ण निघेल याची खात्री वाटत नसेल, तर तिथे सोडा वापरूच नये.

गंजाबद्दल तुमचं बरोबर आहे. पोपडे धरलेल्या गंजासाठी आणि खड्ड्यांसाठी गार्नेट किंवा ग्रिटच हवी. सोड्याची खरी जागा वेगळी आहे: ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड, कार्ब्युरेटर, गिअरबॉक्सचं आवरण. तिथे ग्लास बीड (काचेचे बारीक मणी) मारली तर भाग चकाकतो, पण एखादा मणी ऑइल गॅलरीच्या (तेल वाहून नेणाऱ्या आतल्या मार्गाच्या) वळणात अडकतो आणि इंजिन सुरू झाल्यावर तेलाबरोबर थेट बेअरिंगमध्ये जातो. सोड्याचा कण गरम पाण्यात विरघळतो. म्हणून भाग आधी तेलमुक्त करा (तेलकट जागी सोड्याचा लगदा होतो), आट्यांत जुने बोल्ट आणि भोकांत रबरी बुच घाला, दाब २.५ ते ३.५ बार ठेवा आणि नोझल तिरकं धरा. नंतर ६०-७० अंश गरम पाणी प्रत्येक गॅलरीतून ब्रशसह सोडा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, गॅलरीतून बाहेर पडलेला त्याचा एक थेंब काचेवर वाळवा. पांढरी कड उमटली तर क्षार अजून आत आहे. साध्या नळाच्या पाण्याने ही परीक्षा होत नाही, त्याची स्वतःचीच कड उमटते.

होजमध्ये ओलावा असेल तर सोडा गोळे धरतो आणि धार तुटक येते, त्यामुळे कॉम्प्रेसरनंतर कूलर आणि पाणी अडवणारा ट्रॅप हवाच.

आता पर्यावरणाचा मुद्दा. बंद कॅबिनेटमध्ये, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेसह स्टील ग्रिट वापरली तर एकूण हिशेबात ती सोड्याला मागे टाकते, हे मान्य. मात्र तीच ग्रिट ॲल्युमिनियमवर किंवा स्टेनलेसवर मारली की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि नंतर तिथेच गंजाचे ठिपके उमटतात. हवेचा खर्चही मोजायला हवा. ६ मिमी नोझलला ७ बार दाबावर मिनिटाला सुमारे ८० घनफूट हवा लागते, म्हणजे जवळपास २० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर. नोझल झिजून भोकाचा व्यास दुप्पट झाला की हवा चौपट जाते. झिजलेलं नोझल वेळेवर न बदलणं हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित अपव्यय आहे.

माध्यम, म्हणजे ब्लास्टिंगसाठी मारलेले कण, निरुपद्रवी असलं तरी त्यासोबत निघालेला रंग तसा नसतो. जुन्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं, भागावर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. त्यामुळे अक्रोडाची टरफलं वापरा नाहीतर सोडा, कचरा तपासूनच टाकायचा आणि श्वसनयंत्र लावूनच काम करायचं. सोड्याचा एक फायदा असा की तो पाण्यात विरघळवून रंगाचे कपचे गाळून वेगळे काढता येतात. पण ते पाणी झाडांच्या मुळाशी सोडू नका, झाडं जळतात. टरफलांची धूळ पेट घेऊ शकते, त्यामुळे होज आणि नोझलला अर्थिंग हवं.

वाळूला विरोध पर्यावरणापेक्षाही फुप्फुसांसाठी आहे. वाळूचा कण आदळून फुटतो आणि श्वासातून खोलवर जाणारी सिलिकाची धूळ तयार होते. तिने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ब्रिटनमध्ये वाळूचं ब्लास्टिंग १९५० पासून बंद आहे आणि १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पाणी मारल्याने धूळ कमी होते, पण वाळल्यावर तीच झाडताना पुन्हा उडते. शिवाय ओल्या पोलादावर काही मिनिटांत तांबूस गंज धरतो तो वेगळाच.

तुम्ही शेवटी विचारलंत, गंजलेली फ्रेम आणि इंजिनचं आवरण दोन्ही साफ करायचं तर काय वापरू? फ्रेमला गार्नेट, ५ ते ६ बार, बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकून. आवरणाला सोडा, वर दिलेल्या पद्धतीने. दोन्हींसाठी एकच कॅबिनेट असेल तर आधी सोड्याचं काम उरका. गार्नेटचा एखादा कण सोड्यात मिसळला तर गॅस्केटच्या सपाट पृष्ठभागावर ओरखडा उठतो.