रिकामी खुर्ची

आमचा टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा माणूस, फेब्रुवारीत नोकरी सोडून गेला. आता ऑगस्ट उजाडला. त्याच्या खुर्चीवर हल्ली सगळ्यांची हेल्मेटं आणि डब्याच्या पिशव्या असतात. आणि त्याचं काम? ते माझ्या आणि शेजारच्या पोरीच्या डोक्यावर.

माणसं मिळत नाहीत असं नाही हो. हिंजवडीत दगड मारला तर इंजिनिअरलाच लागेल. एप्रिलमध्ये एक मुलगी सापडली होती, अगदी हवी तशी. तीन राऊंड झाले. मग चौथा, कारण मोठ्या साहेबांना 'एकदा बोलून घ्यायचं' होतं. साहेब सुट्टीवर. साहेब आले तर बजेटची मंजुरी अडकली. एचआरला विचारावं तर ठरलेलं उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." पाच आठवड्यांनी ऑफर लेटर निघालं, तोवर ती दुसरीकडे रुजूसुद्धा झाली. तिच्या नोटीसचे 15 दिवस उरले होते, ती काय आमच्यासाठी घरी बसणार?

आता पुन्हा श्रीगणेशा. जो मिळेल त्याचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा, म्हणजे दिवाळी गेलीच. आणि शेजारची पोरगी हल्ली फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलते. मला काय कळत नाही?

गेल्या शुक्रवारी धड न तपासलेला बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, क्लायंटकडे गेला. पेमेंटचं पानच उघडेना. सोमवारी मीटिंगमध्ये तेच साहेब मला विचारतात, "हे टेस्टिंगमध्ये सुटलं कसं?"

मी नुसती त्या हेल्मेटांकडे बघत बसले.