भावजींचा फॉरवर्ड आणि आमची चकली

परवा सकाळी भावजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "वहिनी, नीट वाचा आणि या दिवाळीला परत चालू करा." हाच मेसेज त्याआधी भिशीच्या ग्रुपवर, सुदामा नगरच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आणि मुलाच्या शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर असा तीनदा येऊन गेला होता, म्हणजे तुमच्याकडेही आलाच असणार. नसेल आला तर थोडक्यात सांगते. एडिसन दहा हजार वेळा फेल झाला तरी बल्ब बनवलाच, केएफसीवाल्या आजोबांना ६५ व्या वर्षी १००९ हॉटेलांनी हाकललं, अपयश हाच सगळ्यात मोठा गुरू, जितक्या वेळा पडाल तितकं यश जवळ, दहातले नऊ धंदे बंद पडतात कारण लोक एक पाऊल आधी हार मानतात, आणि शेवटी ठळक अक्षरात, मराठी माणूस धंद्यात मागे कारण तो पहिल्या ठेचेला घरी बसतो.

मी २०१६ ते २०१९ इथे इंदूरला एका मैत्रिणीबरोबर चकली आणि भाजणीचा धंदा केला आणि बंद केला, तर ती घरी बसणारी मीच. ग्रुपवर उत्तर टाइप करायला घेतलं तर ते एवढं लांबलं की म्हटलं नीटच लिहावं.

एडिसनपासून घेऊ. ते "मी हजारो गोष्टी शोधल्या ज्या चालत नाहीत" असलं वाक्य आहे ना, ते बल्बचं नाहीच. त्याच्या एका सहकाऱ्याने सांगितलेली ती आठवण बॅटरीच्या प्रयोगांची आहे, बल्बनंतर वीसेक वर्षांनी चाललेल्या. बल्बवर काम चालू होतं तेव्हा त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा १८७६ पासून उभी होती, हाताखाली पगारी माणसं होती, आणि १८७८ मध्ये जी कंपनी काढली तिच्यात मॉर्गन आणि व्हँडरबिल्ट या बड्या धनिक मंडळींचा पैसा होता. म्हणजे रोज एक धागा जाळून बघायचा, विझला की दुसरा घ्यायचा, हे त्याचं ठरलेलं काम होतं आणि त्याचं बिल दुसरं कोणीतरी भरत होतं. याला फेल होणं म्हणायचं असेल तर आमच्या कॉलनीतला प्रत्येक स्वयंपाकी दिवसातून चारदा फेल होतो, मीठ चाखून बघतो तेव्हा.

एडिसन खरोखर फेल झाला ती गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही. न्यू जर्सीत डोंगर फोडून, दगडाचा भुगा करून, मोठाल्या चुंबकांनी त्यातलं लोखंड वेगळं काढायचा त्याचा कारखाना होता, त्यात सुमारे दहा वर्षं आणि वीसेक लाख डॉलर घातले, तेव्हाचे डॉलर हं. मग मिनेसोटाच्या मेसाबी भागातलं चांगल्या प्रतीचं खनिज स्वस्तात बाजारात आलं आणि याचं गणितच बसेना. काय केलं त्याने? बंद केला. दगड फोडायचं जे तंत्र तिथे तयार झालं होतं ते उचललं आणि सिमेंटच्या धंद्यात वापरलं. मला हा एडिसन जास्त आवडतो पण याच्यावर पोस्टर बनत नाही कारण खाली काय लिहिणार, "बाजारभाव बघा आणि गप शटर ओढा"?

केएफसीवाल्या आजोबांचं पटकन सांगते. ते १००९ कोणी मोजले याचा पत्ता नाही. सँडर्स ६५ व्या वर्षी रिकाम्या हाताने निघाले नव्हते, केंटकीतल्या कॉर्बिन गावात १९३० पासून त्यांचा खाण्याचा धंदा चालू होता आणि १९५२ मध्येच सॉल्ट लेक सिटीच्या एका हॉटेलवाल्याने त्यांची रेसिपी घेऊन विक्री चालू केली होती. पुढे नवा हायवे गावाला वळसा घालून जाणार म्हटल्यावर गिऱ्हाईक तुटलं, १९५६ मध्ये हॉटेल विकावं लागलं, आणि मग ते कुकर आणि मसाला गाडीत टाकून हॉटेलं फिरले, दर कोंबडीमागे ठरलेले काही सेंट घ्यायचे. वीस-पंचवीस वर्षं गिऱ्हाइकाने पैसे देऊन खाल्लेला माल गाडीत होता, चिकाटी त्या मालाच्या जोरावर होती. फॉरवर्डमधून माल काढून टाकलाय आणि नुसती चिकाटी ठेवलीये.

आता गुरूवाला मुद्दा. यावर मला खरंच बोलायचंय कारण हा गुरू आमच्याकडे आठ महिने शिकवायला होता.

२०१७ च्या पावसाळ्यात आमची पाकिटं दुकानांतून परत यायला लागली, दोनशे ग्रॅमची चकली, आठ दिवसांत मऊ आणि पंधराव्या दिवशी खवट. आम्ही दोघी काय शिकलो? की लोकांना चव आवडत नाही. मग आम्ही तीळ वाढवले, तिखट कमी केलं (इंदूरचं गिऱ्हाईक शेवेवर वाढलेलं, त्याला लवंगेचा ठसका लागतो, कमी तिखट कोणाला हवंय, पण तेव्हा डोकं चालत नव्हतं), तेल बदललं, भाजणीत डाळीचं प्रमाण दोनदा बदललं, एकदा तर मैत्रिणीच्या सासूबाईंना बसवून त्यांच्या हाताने मोहन घालून घेतलं. पाकिटं परत येतच राहिली. प्रयत्न सोडले नव्हते बरं का, फॉरवर्डमध्ये लिहिलंय अगदी तस्सं करत होतो, पडत होतो, उठत होतो, परत पडत होतो.

शेवटी सियागंजात, म्हणजे इथल्या घाऊक बाजारात, पाऊच विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने आमचं एक परत आलेलं पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, एक शब्द न बोलता मागच्या बादलीतल्या पाण्यात बुडवलं आणि तळहाताने दाबलं. उजव्या कोपऱ्यातून बारीक बुडबुडे. दुसरं पाकीट, तोच कोपरा. तिसरं, तोच कोपरा. मग म्हणाला, "भाभी, चकली को क्या देख रहे हो, मशीन देखो." घरी येऊन सीलिंग मशीन उघडलं तर जबड्यावरची टेफ्लॉनची पट्टी एका टोकाला जळून काळी पडलेली, तेवढ्या जागी सील धरतच नव्हतं, हवा आत आणि चकलीचं तेल खवट. पट्टी पन्नास रुपयांच्या आतली. त्या आठ महिन्यांत परत आलेला माल, बदललेलं तेल, फुकट गेलेली भाजणी मिळून आमचे सव्वा लाख गेले होते.

हे त्या गुरूने नाही शिकवलं, त्या म्हाताऱ्याने शिकवलं, ज्याने आमच्याआधी कोणकोणाची गळकी पाकिटं बघितली असतील देव जाणे. अपयश तुम्हाला फक्त एवढंच सांगतं की काहीतरी चुकलंय, काय चुकलंय ते तुमचं तुम्ही समजून घ्यायचं, आणि माणूस बहुतेक वेळा तेच समजतो ज्याची त्याला आधीपासून भीती असते. आम्हाला चवीची भीती होती म्हणून आम्हाला चव दिसली. आपल्याकडे पुढच्यास ठेच मागचा शहाणा म्हणतात, त्यात ठेच लागलेला शहाणा होतो असं कुठेही म्हटलेलं नाही, तो बिचारा अंगठा धरून बसलेला असतो.

आणि ही फक्त माझी रडकथा नाही. हार्वर्डच्या पॉल गॉम्पर्स, जोश लर्नर वगैरे मंडळींचा २०१० मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेल्या उद्योजकांचा. आधी एक कंपनी यशस्वी केलेल्याची पुढची यशस्वी व्हायची शक्यता ३० टक्के निघाली. पहिल्यांदा उतरलेला आणि आधी एकदा फेल झालेला, हे दोघं जवळजवळ सारखेच, विसाच्या आसपास, फरक एक-दोन टक्क्यांचा. पडण्याने यश जवळ येत असतं तर तो फरक एवढासा नसता निघाला.

दहातले नऊ? अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत नव्या धंद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा पहिल्या वर्षात बंद होतो, पाच वर्षांत निम्मे, आणि दहा वर्षांनंतरही तिघांतला एक चालू असतो. तर नऊ नाहीत. पण मला आकड्यापेक्षा ते "कारण हार मानतात" जास्त खुपलं, कारण आमचा धंदा बंद झाला तेव्हा आमची विक्री वाढत होती.

वाचून हसाल पण खरं आहे. सील सुधारल्यावर पाकिटं परत यायची थांबली, ऑर्डरी वाढल्या. दुकानदार पैसे देणार साठ दिवसांनी, आणि "अगले हफ्ते पक्का" धरला तर पंचाहत्तर. आम्हाला बेसन, तांदूळ, तेल सियागंजातून पंधरा दिवसांच्या उधारीवर, गॅस आणि बायकांचा रोज तर रोखच. महिन्याला लाखाची विक्री असताना दोन लाख बाजारात अडकलेले असायचे, विक्री दोन लाखांवर गेली तर चार लाख अडकले. ते वरचे दोन लाख आणायचे कुठून? नफा तर कागदावर दिसतोय, गल्ल्यात काही नाही. एका मोठ्या दुकानाने दिवाळीला तिप्पट माल मागितला तेव्हा मैत्रीण आनंदाने रडली आणि मी रात्रभर वही घेऊन बसले. छोट्या उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ पासून आहे, आणि एप्रिल २०२४ पासून उशीर केला तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही अशी पाचरही मारलीये, पण ज्याच्या काउंटरवर तुमचं पाकीट समोर लागतं की शेवेच्या पोत्यामागे जातं हे तोच ठरवतो, त्याच्यावर तक्रार कोण करणार.

२०१९ च्या मार्चमध्ये आम्ही दुकान वाढवलं, आपल्याकडे बंद म्हणत नाहीत ना. इथले व्यापारी तर मंगल केलं म्हणतात, रात्री शटर ओढायला किती गोड शब्द आहेत आपल्याकडे. सियागंजाचे सगळे पैसे चुकते केले, कामाच्या दोघी बायकांना दोन महिन्यांचा पगार वर दिला, यांच्या पीएफला हात लावायची वेळ येऊ दिली नाही. प्रोप्रायटरशिप होती, कागदोपत्री धंदा माझ्या एकटीच्या नावावर, म्हणजे धंद्याचं कर्ज ते माझंच कर्ज, घरावर येणारं. आणखी सहा महिने "एक पाऊल" म्हणत ओढलं असतं तर काय झालं असतं ते मला वहीत स्वच्छ दिसत होतं. (जीएसटी नंबर रद्द करायचा मात्र विसरले, नोव्हेंबरात कळलं, तेव्हा निल म्हणजे शून्य विक्रीच्या रिटर्नलासुद्धा दिवसाला २० रुपये लेट फी होती आणि रिटर्न दर महिन्याचं, सात महिन्यांचे सतरा हजारांवर गेले. धंदा बंद करणंसुद्धा एक काम असतं, त्यावरही कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.)

अजून एक, पडायचे पैसे नेहमी पडणाराच देतो असं नाही. आपल्याच शहरातली कापडाची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या देण्याच्या २२४ कोटींचा चेक निघाला २०२३ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी, तोवर त्यातले कितीतरी जण गेलेले. चिकाटी म्हणायची तर ती त्यांची, आणि त्यांनी कुठलं यश एक पाऊल आधी सोडलं होतं हे भावजींनी मला सांगावं.

राहता राहिला मराठी माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव अशा मेसेजमध्ये हमखास असतं, लोखंडी नांगर दोन वर्षं कोणी घेईना, शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमिनीत विष होतं, तरी ते हटले नाहीत. बरोबर आहे. पण बेळगावात आधी सायकलचं दुकान होतं, नांगराच्या आधी कडबा कापायची यंत्रं विकली जात होती, ती दोन वर्षं घर नांगरावर चालत नव्हतं. आणि बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली, दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं, मग १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी झाली. आमच्याकडे बँकेने जे दिलं असतं ते चौदा टक्क्यांनी, तेही घराचे कागद ठेवून. ठेच सगळ्यांनाच लागते हो, कोणाच्या पायात काय आहे ते बघून मग बोलावं.

भावजी, रागावू नका. माझ्या सीएने सांगितलंय की धंद्यातला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो आणि पुढच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, फक्त रिटर्न वेळेत भरलेलं पाहिजे, ते मी भरलं होतं. म्हणजे माझ्या परत उभं राहण्यावर तुमच्याइतकाच इन्कम टॅक्सवाल्यांचाही भरवसा आहे. सीलिंग मशीन अजून माळ्यावर आहे, पट्टी नवीन आहे. दुकानात माल ठेवणार नाही, घरगुती ऑर्डर तेवढी घेईन, दिवाळीच्या पंधरा दिवस आधीपर्यंत, पैसे आगाऊ. तुमची पाच किलो लिहून ठेवते, यूपीआय आजच करा.