टॉवर १८५९ आणि नानांचं पानिपत

बंड्याच्या वाड्यात माळ्यावर जुनी बंदूक सापडली, हे एव्हाना सगळ्या पेठेला ठाऊक आहे. त्यावरून कट्ट्यावर जी जुंपली ती मात्र लिहून ठेवायलाच हवी, कारण अण्णा बोलत होते. अण्णांची नोकरी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणारा, म्हणून गेली आणि सकाळीच ते वाड्यावर जाऊन बंदूक पाहून आले होते. बाकीच्यांनी पाहिले होते ते बंड्याच्या मोबाइलमधले फोटो.

नाना नेहमीप्रमाणे निकाल खिशात घेऊनच आले. "पानिपतावरची आहे. बंड्याचा खापरपणजोबा शिंद्यांच्या फौजेत होता, माझ्या आजोबांनी मला सांगितलंय."

"नाना, बंदुकीच्या घोड्याच्या तोंडात ठिणगीची गारगोटी धरायला जबडा आहे का? कानाशी दारू ठेवायची पळी आहे का?" अण्णांनी विचारलं. "दोन्ही नाही. घोड्याचं तोंड पोकळ आहे आणि ते निपलवर, म्हणजे मसाल्याची टोपी चढवायच्या बोंडावर, बसतं. म्हणजे ही टोपीची बंदूक. आपटल्यावर फुटणाऱ्या मसाल्याचं पेटंट १८०७चं, तांब्याची टोपी त्याहून नंतरची आणि इंग्रजी पलटणींत ती आली १८४०च्या आगेमागे. पानिपत १७६१. ऐंशी वर्षं आधी माल पोचता केला म्हणजे शिंद्यांचं टपालखातं फारच चोख असणार!"

चहावाल्यासकट सगळे हसले. नाना हसले नाहीत. गणपतीच्या देखाव्यात त्यांनी 'शिवकालीन' म्हणून लावलेली तलवार आणि तिच्या मुठीखाली निघालेला नाटक कंपनीचा शिक्का, हे प्रकरण अजून मिटलेलं नाही. तो शिक्काही अण्णांनीच दाखवला होता.

"मग सत्तावन्नची," नाना एका दमात शंभर वर्षं पुढे आले. "साताऱ्याच्या रंगो बापूजींच्या माणसांनी लपवलेली. काडतुसाला चरबी लावलेली एनफिल्ड हीच ती."

इथं मात्र अण्णा सरसावून बसले. एनफिल्डसारखी दिसते, हे त्यांनी मान्य केलं. नळी ३९ इंच, ती लाकडाला धरून ठेवणारी तीन कडी, घोड्यामागे पट्टीवर मुकुट आणि खाली व्ही आर, म्हणजे राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, पुढे 'टॉवर' आणि १८५९. नुसत्या ३९ इंचांवर जाऊ नका म्हणाले. कंपनी सरकारच्या गारगोटीवाल्या ब्राउन बेस बंदुकीचीही नळी तेवढीच असते. पण तिला कडी नसतात, नळी आडव्या खिळ्यांनी लाकडात बसवलेली असते आणि भोक पाऊण इंच. 'टॉवर' हे कारागिराचं नाव नव्हे. बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांकडून सुटे भाग घेऊन सरकारसाठी बनवलेल्या बंदुकीवर ते पडायचं. सरकारी कारखान्यातली असती तर तिथं 'एनफिल्ड' असतं.

"झालं की मग! एनफिल्डच!" नाना.

"भोक किती आहे?"

"ते कोण मोजतंय?"

"मी मोजलं. व्हर्नियरचे आतले जबडे तोंडाशी लावून, एकदा उभं, एकदा आडवं. दोनदा मोजायचं, कारण वर्षानुवर्षं गज घासून तोंड एका बाजूला झिजतं. एनफिल्डचं भोक .५७७ इंच, म्हणजे १४.७ मिलिमीटर. हिचं भरलं १६.७. आणि आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नाहीत. एनफिल्डला तीन खाचा असतात, ७८ इंचांत एक फेरा घेणाऱ्या. ही आतून गुळगुळीत आहे."

सुज्या मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "गंजानं खाल्ले असतील आटे."

"गंज खड्डे पाडतो, सुज्या. चारी बाजूंनी सारखं एकेक मिलिमीटर कोरून काढायला गंजाला लेथ लागेल. आणि नेम धरायची मागची माशी बघ. एनफिल्डला ९०० यार्डांपर्यंत उचलायची शिडी असते. इथं नुसता खाच पाडलेला ठोकळा आहे. गुळगुळीत नळीची गोळी शंभर यार्डांपुढे कुठं जाईल त्याचा भरवसा नाही, मग शिडी लावून करायचं काय?"

मग अण्णांनी खरी गोष्ट सांगितली. सत्तावन्नचा दणका बसल्यावर इंग्रजांनी ठरवलं की हिंदी शिपायाच्या हातात गोऱ्याच्या तोडीचं हत्यार द्यायचं नाही. आधी एनफिल्डच्याच नळ्या आतून कोरून .६५६ केल्या, मग त्याच मापाची जाड नळीची बंदूक नव्यानं बनवली. बाहेरून तोच रुबाब, पल्ला मात्र कापलेला. पुढेही तेच: गोऱ्यांकडे मार्टिनी रायफल आली तेव्हा यांना त्याआधीची स्नायडर, आणि त्यांच्याकडे नवी .३०३ रायफल आली तेव्हा यांना मार्टिनी. "पानिपतच्या बंदुकीनं छाती फुगते, कबूल. पण ही बंदूक त्याहून मोठी साक्ष देते. घाबरलेल्या सरकारनं आपल्याच शिपायासाठी मुद्दाम अधू करून बनवलेलं हत्यार आहे हे. आणि तू त्यावर ब्रासो मारू दिलास, बंड्या!"

बंड्यानं मान खाली घातली. भाच्यानं दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी पॉलिश पेपर आणि ब्रासो घेऊन चकाचक केली होती. नेमकी तीच जागा पलटणीच्या नंबराची. आता तिथं अर्धा आकडा आणि एक शेपूट उरलंय. अण्णांचा आवाज चढला तो इथंच, आणि तो रास्तच होता. ठसा एकदा घासला की कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. चिंच, लिंबू, रेगमाल, वायर ब्रश, काही लावायचं नाही. मऊ फडक्यावर शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब. ठशातली माती लाकडी टूथपिकनं काढायची, वर टाल्कम पावडर चोळून पुसायची आणि टॉर्च आडवा धरून फोटो काढायचा. लाकडावरचा गोल शिक्का कधीकधी तेवढ्या उजेडातच दिसतो.

नानांनी शेवटचा फोटो पुढे केला. "नळीवर देवनागरी आकडा आहे. म्हणजे संस्थानी. म्हणजे मराठ्यांचीच!"

"देवनागरी नेपाळच्या बंदुकांवरही असते. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून हजारो जुन्या बंदुका अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलल्या, त्यांतल्या कितीतरींवर आहे. आकडा कोणीही, केव्हाही कोरतो. फौलादावर बाण आहे का आणि त्याखाली आय आहे का ते बघा, तो हिंदुस्थान सरकारच्या मालाचा शिक्का. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सेवेतून काढून विकलेला. नकली मालही असाच पकडायचा. खैबरकडच्या मार्टिनीवर व्ही आर आणि खाली १९०५ दिसलं, की ठेवून द्यायची. राणी १९०१ लाच गेली."

सुज्याला इतिहासात रस नव्हता. "अँटिक आहे ना? मग लायसन कशाला? फोटो टाकतो, गिऱ्हाईक बघतो."

"टाक. पहिलं गिऱ्हाईक वर्दीत येईल." शस्त्र कायद्यातली, म्हणजे १९५९च्या कायद्यातली सूट नुसत्या जुनेपणाला नाही, हे अण्णांनी त्याला दोनदा सांगितलं. दुरुस्त करूनही उडू शकणार नाही, असं हत्यार लागतं. ठासणीची बंदूक नवं निपल बसवलं की उडते. आजोबांच्या नावचा परवाना ट्रंकेत सापडला तर वारस म्हणून अर्ज करता येतो. नाही सापडला तर ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. स्कूटरवर टाकून न्यायची नाही, फोन करून पोलिसांना घरी बोलवायचं. पावतीत लांबी, भोक, सगळे ठसे लिहून घ्यायचे, नाहीतर नोंद होते 'एक जुनी बंदूक' आणि पुढे कुठली कोणाची कळत नाही.

"भरलेली नव्हती ना पण?" चहावाल्यानं लांबूनच विचारलं. बंड्याच्या तोंडावरून दिसलं, की हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता.

"सगळ्यात आधी तेच बघितलं," अण्णा म्हणाले. "घोडा न ओढता. लाकडी काठी नळीत सोडायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावायची. टोक निपलच्या बुडाशी आलं तर रिकामी. तीन-चार बोटं अलीकडे अडलं तर आत उंदराचं घरटं असेल नाहीतर बार असेल, पण धरून चालायचं बारच. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. मग खरवडायचं नाही, तापवायचं नाही, तोंडासमोर उभं राहायचं नाही. ठाण्याला तसं सांगायचं. हिच्यात काठी बुडापर्यंत गेली."

बंड्यानं तिथंच ठाण्याचा नंबर लावला. नाना खुर्ची ओढून म्हणाले, "पंच म्हणून माझी सही घे. निदान तेवढा मान."

"घे रे," अण्णा म्हणाले. "फक्त तारीख तू घाल. नानांनी घातली तर पंचनामा १७६१चा होईल."

या वेळी नानाही हसले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.