‘सातशेतले एकोणीसच जातात’: क्रूझच्या कॅसिनोचा चुकलेला हिशेब

क्रूझला निघालेल्या माणसाच्या फोनवर एक सल्ला हमखास येऊन पडतो. थोडक्यात तो असा: ७ रात्रींच्या सफरीत कॅसिनोसाठी रोज १०० डॉलर, म्हणजे एकूण ७०० बाजूला काढा. रूलेटमध्ये (फिरत्या चाकावरचा चेंडू कोणत्या घरात, लाल की काळ्या, पडतो यावर पैसे लावायचा खेळ) कॅसिनोचा वाटा जेमतेम २.७ टक्के, तेव्हा फार तर १९ डॉलर जातील. रोख बाळगू नका, जहाजावरचा सगळा खर्च ज्यावर चढतो त्या केबिनच्या कार्डावरच खेळा. हरलात तर पुढचा डाव दुप्पट लावा. खेळण्याबद्दल मिळणारे पॉइंट साठले की पुढची सफर फुकट, आणि उरलेल्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) तेव्हा कामी येतीलच.

पैसे आधीच बाजूला काढणं, एवढं यात शहाणपणाचं आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्यात गोम आहे. मला स्वतःला ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांतला २१ चा खेळ, आवडतो, त्यामुळे हे काही सोवळं नेसून लिहीत नाही. पण हिशेब करायचाच तर नीट करावा.

आधी ते १९ डॉलर. २.७ टक्के हा आकडा खरा आहे. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात आणि पैसे मिळतात ते ३६ घरं असल्यासारखे. ते एक घर कॅसिनोचं. पण हा वाटा तुम्ही खिशात घालून नेलेल्या रकमेवर बसत नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर बसतो. १० डॉलर लाल रंगावर लावले, जिंकलात, तेच पुन्हा लावले, की त्याच पैशावर दुसऱ्यांदा कात्री लागली. तासाला साधारण ४० फेऱ्या धरा. प्रत्येक फेरीला १० डॉलर, रोज अडीच तास. एका रात्रीत तुम्ही हजार डॉलर लावलेत, खिशात १००च असले तरी. सात रात्रींचे ७०००, आणि त्यावर २.७ टक्के म्हणजे १८९ डॉलर. सल्ल्यातल्या आकड्याच्या बरोबर दसपट.

हेही एका शून्याचं चाक मिळालं तर. चाकावर दोन शून्यं असली की घरं ३८ होतात आणि वाटा ५.२६ टक्के. तीच खेळी ३६८ डॉलरला पडते. काही ठिकाणी तीन शून्यांची चाकंही आली आहेत, तिथे ७.६९ टक्के. चिप्स घेण्याआधी चाकावरची शून्यं मोजायला दहा सेकंद लागतात, तरी मोजणारा माणूस क्वचितच दिसतो.

शिवाय ही सगळी सरासरी. वर धरलेल्या वेगाने, एका शून्याच्या चाकावरही, पाचातल्या साधारण दोन रात्री तुमचे १०० डॉलर अडीच तास पुरतच नाहीत. म्हणजे साडेनवाला बसलात आणि अकरालाच हात रिकामे. बजेट खरं मोडतं ते तेव्हा. जहाज समुद्रात, झोप आलेली नाही, कॅसिनो अजून दोन-तीन तास उघडा, आणि उद्याचे १०० केबिनच्या तिजोरीत पडलेले. ‘उद्या कमी खेळू’ हे वाक्य जन्माला येतं ते याच घटकेला.

म्हणून रकमेच्या आधी तास ठरवावेत. डावाची रक्कम गुणिले तासाच्या फेऱ्या गुणिले कॅसिनोचा वाटा: हा तुमच्या करमणुकीचा तासाचा दर. तो पटला तर खेळा. स्लॉट मशीनला, म्हणजे बटण दाबून चित्रांच्या ओळी जुळवायच्या यंत्राला, हे गणित लावून पाहा. एका सेंटचं म्हणवणारं मशीन सगळ्या ओळी धरून एका फेरीला सहज ६० सेंट घेतं. बटण दाबायचा वेग मिनिटाला दहा, तासाला ६०० फेऱ्या, ३६० डॉलरची उलाढाल. वाटा १० टक्के धरला तरी तासाला ३६ डॉलर, रूलेटच्या तिप्पट. आणि तो वाटा मशीनवर कुठे लिहिलेला नसतो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात मशीनने किमान ७५ टक्के परत द्यावेत असा नियम आहे, न्यू जर्सीत ८३ टक्के. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की अशा राज्यांचे नियम किनाऱ्यावरच राहतात.

ब्लॅकजॅकवाल्यांसाठी एकच सूचना: टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. पहिल्या दोन पानांत २१ आले तर २ डॉलरला ३ देणार (३:२) की ५ ला ६ (६:५)? १० डॉलरच्या डावावर पहिल्या ठिकाणी १५ मिळतात, दुसऱ्या ठिकाणी १२. साधारण २१ डावांत एकदा असा हात येतो. तासाला ७० डाव धरले तर तीनेक वेळा तीन-तीन डॉलर हातचे गेले, आणि तेही तुम्ही जिंकलेल्या डावांवर. म्हणून ते खुपतही नाही.

रोज सारखे १०० हेही जहाजाचं वेळापत्रक न बघता ठरवलेलं. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर कॅसिनोला बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत त्या देशाची हद्द आणि तिथलाच कायदा. म्हणजे बंदराच्या दिवशी हाताशी रात्रच उरते. उलट दिवसभर समुद्रात असलात की सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत दार उघडं. दोन्ही दिवसांना सारखी रक्कम कशाला? पैसे वाटायचे तर समुद्रातल्या दिवसांकडे जास्त वाटा, आणि उतरून भटकायच्या दिवशी सरळ शून्य.

आता कार्ड. रोख टाळायचा सल्ला कोणाच्या फायद्याचा, याचा विचार करा. मशीनच्या खाचेत अडकवलेलं कार्ड, त्याची गुंडाळीची दोरी खेळणाऱ्याच्या पट्ट्याला. असे रात्री रांगेने बसलेले दिसतात, सलाइन लावल्यासारखे. कार्डावर घेतलेली रक्कम जहाजावरच्या इतर खर्चातच मिसळते, आणि बऱ्याच कंपन्या कॅसिनोसाठी अशी रक्कम काढण्यावर वर काही टक्के शुल्कही लावतात. हे शुल्क तुम्ही एकही डाव खेळण्याआधी गेलं. रोजच्या रकमेचं वेगळं पाकीट, रोख, आणि कार्ड केबिनमध्ये. यात गैरसोय आहे, मान्य. केबिनपर्यंत जाऊन यायची ती पाच मिनिटंच कामाची असतात.

दुप्पट लावायच्या युक्तीवर फार वेळ घालवत नाही. १० पासून सुरू करून सात वेळा सलग हरलात तर १२७० डॉलर गेलेले असतात आणि आठवा डाव १२८० चा. त्याच्या आधीच टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते. इतक्यांदा सलग हरतंय कोण, असं वाटत असेल तर १८ ऑगस्ट १९१३ ची माँटे कार्लोच्या कॅसिनोतली रात्र आठवा: चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला, आणि ‘आता तरी लाल’ म्हणत लोक रक्कम वाढवत राहिले.

फुकट सफर मात्र खरी असते, खोटी नाही. फक्त ती कशावर मिळते ते पाहा. तुम्ही किती हरलात यापेक्षा, किती लावलंत आणि त्यावर सरासरीने किती हरायला हवं होतं, याचा हिशेब कॅसिनो ठेवतो. त्या अपेक्षित कमाईतलाच एक भाग तो तुम्हाला केबिनच्या रूपाने परत देतो. आवळा देऊन कोहळा काढणं यालाच म्हणतात. वर बंदर-शुल्क, कर आणि टिप बहुधा तुमच्याकडेच. ‘अजून थोडे पॉइंट झाले की’ म्हणून जास्तीचा तास बसणारा माणूस पुढच्या सफरीचं तिकीट हप्त्यांनी भरतो आहे, भाव न विचारता.

राहिल्या चिप्स. शेवटच्या रात्री जहाज बंदराच्या हद्दीत शिरायच्या आत कॅसिनो बंद होतो, आणि सकाळी उतरण्याच्या धांदलीत रोखपालाची खिडकीही बंदच असते. त्या खिडकीशी आदल्या रात्री जाऊन चिप्स मोडून घ्या, ५ डॉलरची एकच उरली असली तरी. माझी एक कपाटाच्या खणात पडून आहे.